भाड्याच्या घरात चिमणीसाठी भिंतीला भोक पाडता येतं का? आणि मालकाची यंत्रं कशी सांभाळावीत?

उंबरठा७२:

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण एकमेकांत इतके अडकलेत की एकत्रच विचारते. थोडं लांबेल.

मे महिन्यात आम्ही सिंहगड रस्त्यावर आनंदनगरजवळ भाड्याने राहायला आलो. जुनी इमारत, तिसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. भाडं २३ हजार, डिपॉझिट ७५ हजार, २२ महिन्यांचा नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार. घरात आम्ही दोघं, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना दमा आहे.

स्वयंपाकघर लहान आहे. ओटा एका भिंतीला, आणि त्याला काटकोनात असलेल्या भिंतीत सरकत्या काचांची खिडकी. एक्झॉस्ट फॅनला जागाच ठेवलेली नाही. मिरच्या तव्यावर टाकल्या की मी आधी ओरडून सांगते, मग सासूबाई आतल्या खोलीचं दार लावून दाराखाली टॉवेल सारून बसतात. जूनमध्ये पाऊस लागला, खिडकी बंद ठेवावी लागली, आणि एका आठवड्यात त्यांना दोनदा पंप घ्यावा लागला. त्या दिवसापासून मी घरात ठेचा केलेला नाही. लसणाची फोडणीसुद्धा त्या खाली देवळात गेल्या की घालते. त्यांना ते कळतं आणि वाईट वाटतं. "माझ्यामुळे तुम्ही अळणी जेवता" असं परवा म्हणाल्या. मला हे चालू ठेवायचं नाही.

म्हणून चिमणी घ्यायची ठरवली. दुकानातला माणूस घर बघून गेला. म्हणाला, ओट्यामागच्या भिंतीला कोअर कटिंगने सहा इंची भोक पाडायचं, पाइप सरळ बाहेर काढायचा, तासाभराचं काम. करारात मात्र स्पष्ट लिहिलंय की मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही कायमस्वरूपी बदल करायचा नाही. मालक सांगलीला असतात, सत्तरीच्या पुढचे आहेत, बोलायला चांगले आहेत. फोनवर म्हणाले, "तुम्हाला हवं ते बसवा, पण भिंतीला हात लावू नका." आता याचा अर्थ मी काय घ्यावा?

दुसरा प्रश्न मागच्या घरातून आलाय. वारज्याला चार वर्षं राहिलो. ते घर चिमणी, काचेची शेगडी आणि फ्रिजसकट मिळालं होतं. सोडताना डिपॉझिटमधून १४,५०० रुपये कापले. चिमणीची मोटर ६,८००, फिल्टर २,२००, शेगडीची काच ५,५००. काच माझ्या हातून गेली, ते मी त्याच दिवशी कळवलं होतं. दूध उतू गेलं आणि मी लगेच ओलं फडकं फिरवलं, तड्‌कन आवाज आला. ते पैसे गेल्याचं दुःख नाही. पण फिल्टर? दर पंधरा दिवसांनी मी तो गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवत होते, घासत होते. तो काळा पडत गेला. मालकीणबाईंनी तो हातात धरून माझ्या नवऱ्यासमोर विचारलं, "कधी धुतलाच नाही का?" चार वर्षं रविवारची दुपार मी त्यात घातली होती. आणि मोटर आम्ही आलो तेव्हा किती जुनी होती हे त्यांनाही सांगता येईना. आत शिरताना आम्ही फोटो काढले नव्हते, यादीत फक्त "चिमणी १ नग" असं होतं, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

तर कायद्याने मला काय करता येतं, भोक न पाडता काही मार्ग आहे का, आणि यंत्रं अशी कशी ठेवावीत की घर सोडताना कुणी असं विचारणार नाही? या घरात मालकांचा फ्रिज आणि पाण्याचा फिल्टर आहे. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

करारनामा:

ताई, मी पुण्यात भाडेकरारांचंच काम करतो. कायद्याचा भाग सांगतो, कारण याबाबत अर्धवट माहिती फार फिरते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम १६. भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं, तर मालक घराचा ताबा मागू शकतो. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात कायमस्वरूपी बांधकामात काय धरायचं नाही तेही दिलंय: लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, दार, जाळीकाम, हवेसाठी आवश्यक खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्टची वाट आणि धुराडं. जिथे महापालिकेची परवानगी लागते तिथे ती घेऊन.

उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा या यादीत का, असं मला एका अशिलाने विचारलं होतं. माझी आजी शुक्रवार पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत भाड्याने राहायची. चूल जमिनीवर, स्वयंपाक पाटावर बसून. गुडघे गेल्यावर तिला ओटा हवा होता आणि वाड्याच्या मालकाने तीन वर्षं नाही म्हटलं. अशा घरांसाठी ती ओळ आहे.

आता महत्त्वाचं. हे वाचून उद्या कोअर कटिंगवाल्याला बोलावू नका. हे संरक्षण *भाडेकरूला* आहे. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे कायद्याच्या भाषेत तुम्ही परवानाधारक. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम ५२ प्रमाणे परवान्यामुळे घरात तुमचा कोणताही हितसंबंध तयार होत नाही, फक्त वापरायची मुभा मिळते. कलम १६ चं स्पष्टीकरण दाखवून तुम्ही परवानगीशिवाय भोक पाडू शकत नाही. तुमच्यापुरतं करारातलं वाक्य चालतं, आणि ते स्पष्ट आहे.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्याचा मजकूर कुणी पाठवला तर तोही आपल्याकडे थेट लागू होत नाही, राज्याने स्वीकारावा लागतो. पण त्यातली दुरुस्तीची वाटणी वाचून ठेवा. नळाचे वॉशर, स्विच आणि सॉकेट, गीझरची दुरुस्ती, स्वयंपाकघरातल्या बसवलेल्या वस्तूंची दुरुस्ती राहणाऱ्याकडे. भिंतींचा रंग, पाइप बदलणं, वायरिंग आणि इमारतीच्या सांगाड्याची कामं मालकाकडे. करार लिहिताना मी दोन्ही पक्षांना ही विभागणी आधार म्हणून सुचवतो.

तुम्ही काय करावं? सांगलीच्या काकांना एक पानाचं पत्र लिहा. काय बसवणार, कुठे, किती मोठं भोक किंवा भोक नाहीच, सोडताना चिमणी काढून नेणार की ठेवणार, भिंत पूर्ववत कोण करणार. खाली त्यांची सही घ्या. व्हॉट्सॲपवर "हो" आलं तरी जपून ठेवा, पण करारात "लेखी" आहे तर सही बरी. आणि सोसायटीचं स्वतंत्र बघा. बाहेरच्या भिंतीला हात लावायचा तर समितीची परवानगी लागते, आणि ती मालकाने मागायची असते, तुम्ही नाही.

पानापेचकस:

ताई, मी निगडीत १९ वर्षं चिमण्या, शेगड्या, ओव्हन दुरुस्त करतो. तुमचा फिल्टर मी न बघता सांगतो, तो ॲल्युमिनियमच्या जाळीचा होता. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा चालत नाही. सोडा धातू खातो, जाळी काळी पडते आणि त्या काळेपणाला नंतर उपाय नाही. तुम्ही न धुतल्याने तो काळा झाला नाही, सोड्याने धुतल्याने झाला. हे त्या मालकीणबाईंना कुणीतरी सांगायला हवं होतं. माझ्याकडे महिन्याला असे दोन-तीन फिल्टर येतात, आणि आणणाऱ्या बायकांचे हात बघितले की कळतं किती घासलंय.

म्हणून आधी फिल्टर ओळखा. लोहचुंबक लावून बघू नका, चांगलं स्टीलही चुंबकाला धरत नाही. हातात घ्या. पातळ जाळीचे थर आणि हलका असेल तर ॲल्युमिनियम: गरम पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, मऊ ब्रश, बस. वाकवलेल्या पट्ट्यांचा आणि जड असेल तो स्टीलचा बॅफल. त्याला सोडा चालतो, अर्धा तास भिजवा, दर दोन-तीन आठवड्यांनी. आपल्याकडे रोज फोडणी पडते, त्यामुळे पुस्तिकेत महिना लिहिला असेल तरी तेवढं थांबू नका.

मोटरचं म्हणाल तर, तेल फिल्टरमधून पुढे जातं आणि आतल्या पंख्यावर चिकटून डिंकासारखं होतं. पंखा जड झाला की मोटरवर ताण येतो. आधी आवाज बदलतो, घरघर येते. त्या वेळी सर्व्हिस केली तर मोटर वाचते. लोक आवाज वाढला की वेग कमी करून चालवत राहतात. ऑटोक्लीनवाली असेल तर आत हीटर असतो, तो तेल वितळवून खालच्या वाटीत आणतो. बटण दाबून विसरायचं नाही, ती वाटी काढून रिकामी करायची. मी भरून सांडलेल्या वाट्या बघितल्यात, तेल थेट गॅसवर ठिबकत होतं. ते पेट घेतं.

दुसरं, बसवणारा कितीही घाईत असला तरी पाइप सहा इंचीच टाकायला लावा. चार इंचीवर आणला की आवाज दुप्पट आणि ओढ निम्मी झाल्यासारखं वाटतं. वळणं कमीत कमी, एक किंवा दोन. शेगडीपासून चिमणीची उंची २६ ते ३० इंच.

काचेचं तुम्हाला कळलंच आहे. काच तापलेली असताना ओलं फडकं नाही, आणि जड कुकर आपटायचा नाही. तुमच्याकडे पाइपचा गॅस आहे का सिलिंडर? सिलिंडरची शेगडी पाइप गॅसला तशीच लावता येत नाही, आतले जेट वेगळे असतात. आणि पाइपलाइनच्या जोडाला घरच्या घरी पाना लावू नका, मी सुद्धा लावत नाही. तो कंपनीच्या माणसाचाच विषय.

उंबरठा७२:

दादा, तुमचं वाचून मी जरा वेळ तशीच बसून राहिले. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणजे सोड्यामुळे झालं! कुणी त्या दिवशी सांगितलं असतं तर २,२०० गेले तरी चाललं असतं.

शेगडी आमची साधी स्टीलची आहे, सिलिंडरवर. केशरी नळी मी येताना नवीन घातली. भोक न पाडता चिमणीचं काही होईल का? पाइपशिवायच्या चिमण्या मिळतात असं ऐकलं.

गच्चीवरची तुळस:

मी दुसऱ्या बाजूची आहे. नाशिकला गंगापूर रोडवर आमचा एक फ्लॅट भाड्याने असतो, यांच्या पेन्शनला तेवढाच हातभार. तुमच्या सांगलीच्या काकांना "भिंतीला हात लावू नका" असं का वाटलं असेल ते सांगू का?

आमच्याकडे एका कुटुंबाने न विचारता पाण्याच्या फिल्टरसाठी टाइल्सना भोकं पाडली. चार पाडली, जागा चुकली, मग शेजारी आणखी चार. दोन टाइल्स तडकल्या. तो रंग आता मिळत नाही. २००४ साली आम्ही दोघांनी दुकानं फिरून त्या निवडल्या होत्या, फिकट पिस्ता रंग. आज तिथे दोन पांढऱ्या आहेत. नुकसान फार नव्हतं, पण मी तिथे गेले की नजर तिथेच जाते.

एका मुलीने मात्र आधी फोन केला. "काकू, मला स्वयंपाकघरात फळी हवीय, भोकं टाइलमध्ये न पाडता सांध्यात पाडू का, जाताना पांढरं सिमेंट भरून देईन." मी म्हटलं, पाड बाई. तिने जाताना फळी तिथेच ठेवली. मालकाला विचारलं जाणं हवं असतं. तुम्ही काकांना नुसतं चिमणी म्हणू नका, सासूबाईंच्या दम्याचं सांगा. त्यांच्याही घरात कुणाला काहीतरी असेलच.

फ्रिजबद्दल एक कळकळीने सांगते. बर्फ जमणारा जुना फ्रिज असेल तर बर्फ सुरीने खरवडू नका. आमच्या फ्रिजची आतली नळी अशीच फुटली, गॅस गेला, दुरुस्तीला फ्रिजच्या किमतीच्या जवळपास खर्च सांगितला. बंद करून दार उघडं ठेवायचं, खाली टॉवेल, दोन-तीन तासांत आपोआप सुटतो. आणि दाराचं रबर आठवड्याला खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, घडीतली बुरशी त्यानेच जाते.

पानापेचकस:

पाइपशिवायची चिमणी मिळते. तिच्यात कोळशाचा फिल्टर असतो, तेल आणि थोडा वास धरते आणि हवा परत खोलीतच सोडते. तो कोळसा धुता येत नाही, काही महिन्यांनी बदलावाच लागतो. घरात दम्याचं माणूस असताना मी ती सुचवणार नाही. मिरचीचा खाट बाहेरच गेला पाहिजे.

तुमची खिडकी सरकत्या काचांची आहे ना? मग एक काच काढायची. चौकटीतून पूर्ण निघते, फोडायची नाही. तिच्या मापाचा जाड ॲक्रिलिकचा तुकडा काचवाल्याकडून कापून घ्यायचा, त्यालाच सहा इंची भोक पाडून आणायचं आणि तो चौकटीत बसवायचा. पाइप त्यातून बाहेर, बाहेरच्या तोंडाला झडप, म्हणजे पाऊस आणि कबुतर आत येत नाही. कडेला सिलिकॉन. मूळ काच जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली आडवी नाही, उभी ठेवायची, मागे "स्वयंपाकघर खिडकी" असा कागद चिकटवून. घर सोडताना अदलाबदल, वीस मिनिटं. भिंतीला फक्त चिमणी टांगायची भोकं पडतील, तीही सांध्यात धरता येतात का ते कारागिराला आधी मोजायला लावा.

खिडकी काटकोनात आहे म्हणजे एक वळण येईल, ते चालतं. पाइप फार लांब होत असेल तर मात्र सांगा, चिमणीची जागा सरकवून बघू. आणि चिमणीला वेगळं सॉकेट आहे का बघा. मिक्सर, चिमणी आणि इंडक्शन एकाच एक्स्टेंशनवर चालवलेली घरं मी बघितलीत. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी नऊ अँपियरच्या आसपास ओढते, तिला १६ अँपियरचंच सॉकेट लागतं. सहावाल्यात घातली तर प्लग तपकिरी पडतो. तो डागही सोडताना तुमच्याच नावावर येईल.

करारनामा:

हा मार्ग उत्तम. पत्रात "कोणतेही कायमस्वरूपी काम नाही, मूळ काच जपून ठेवून घर सोडताना परत बसवू" हे वाक्य घाला. करारातल्या अटीला धक्काच लागत नाही. तरी सही घ्याच.

आणि यादी. "फ्रिज १ नग" असं नाही. कंपनी, मॉडेल, मागच्या स्टिकरवरचा अनुक्रमांक, खरेदीचं साल माहीत असेल तर ते, दिसणारे डाग आणि ओरखडे. यंत्र चालू असतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ, आवाजासकट. आता दोन महिने झाले म्हणून राहू देऊ नका, आजही काढून काकांना पाठवता येतो. "नैसर्गिक झीज वगळता" असे शब्द करारात आहेत का ते पाहा. नसतील तर पत्रातच लिहून घ्या. मागच्या घरच्या मोटरचा वाद त्या तीन शब्दांनी आणि खरेदीच्या सालाने मिटला असता.

उंबरठा७२:

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

पत्र लिहिलं. नाशिकच्या काकूंनी सांगितलं तसं सासूबाईंचं आधी लिहिलं आणि चिमणीचं नंतर. खिडकीचा फोटो, काचेचं माप, ॲक्रिलिकचं चित्र मुलाने काढून दिलं. कुरियरने सांगलीला पाठवलं. चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. त्यांच्या पत्नीलाही दमा होता, शेवटची सहा वर्षं. याच घरात. त्या खिडकीशी स्टूल टाकून बसायच्या म्हणे, मोकळी हवा लागावी म्हणून. काका बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "काच सांभाळून ठेवा, बाकी तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." सही करून पत्र परत आलंय.

"नैसर्गिक झीज" करारात होतंच, मी वाचलं नव्हतं. फ्रिज २०१६ चा निघाला, मागचं स्टिकर वाचायला तो ओढला तेव्हा पाठीमागे नऊ वर्षांची जळमटं होती, ती काढली. यादी आणि व्हिडिओ काकांना पाठवले. त्यांनी अंगठा पाठवला.

ॲक्रिलिकचे काचवाल्याने भोकासकट १,१०० घेतले. चिमणी स्टीलच्या बॅफलची घेतली, दुकानात फिल्टर हातात घेऊन वजन बघूनच. टांगायच्या चार भोकांपैकी तीन सांध्यात बसली, एक टाइलमध्ये गेलं. त्याचा फोटो काकांना त्याच संध्याकाळी पाठवला. बाहेरच्या झडपेचा वारा सुटला की खडखडाट होतो, रात्री जरा जास्तच. दादा, त्याला रबराची पट्टी लावू का, की झडप जड होऊन उघडणार नाही?

काल ठेचा केला. सासूबाई स्वयंपाकघरात येऊन बसल्या होत्या, शेंगदाणे सोलत. दोन शिंका आल्या, तेवढंच.

पानापेचकस:

अख्खी पट्टी नको, झडप अडेल. पातळ फोमचे दोन छोटे तुकडे, फक्त जिथे आपटते तिथे. पावसाळा संपला की एकदा काढून बघा, तेलाने चिकटत असेल तर साबणाने धुवा.